एक रेकॉर्ड प्लेअर, अडतीस रेकॉर्डी आणि न सापडणारी घरघर

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सोलापुरात विजापूर वेशीजवळ जुन्या सामानाच्या एका दुकानात आईसाठी पितळी समई बघायला गेलो होतो. समई राहिली, रेकॉर्डी आल्या. साठ रुपयाला एक असा भाव होता. सगळा गठ्ठाच उचलतो म्हटल्यावर ३८ नग २,२०० ला मिळाले. त्यांच्या खाली पोत्यात गुंडाळलेला गॅरार्ड एसपी २५ हा रेकॉर्ड प्लेअर, लाकडी खोक्यासकट, ३,०००. "चालतो का?" विचारलं तर दुकानदार म्हणाला, "फिरतो." हे उत्तर मी तेव्हाच नीट ऐकायला हवं होतं.

घरी येऊन मोजदाद केली. हिंदी सिनेमाच्या १९, नाट्यसंगीत आणि भावगीतं ११ (त्यात मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या स्पीडच्या, लाखेच्या सहा), इंग्रजी आठ. इंग्रजीतल्या सात रेकॉर्डी नाचाच्या बँडच्या आणि नाताळच्या गाण्यांच्या. आठवीच्या कव्हरवर काय आहे तेच कळेना. नुसते प्रकाशाचे धूसर ठिपके, मध्ये माणसासारखं काहीतरी. चारही कोपरे गोल. आधीच्या मालकाच्या पोरानं कात्री चालवली असणार म्हणून मी दुकानात त्यावरून घासाघीसही केली होती. पण या रेकॉर्डच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या प्रतींची कव्हरं मुळातच गोल कोपऱ्यांची होती. आतल्या रेकॉर्डवर हार्वेस्ट या रेकॉर्ड कंपनीचं हिरवं लेबल. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडची 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स', १९७२.

फोटो ऑफिसातल्या मित्राला पाठवला. फ्लॉइडवर त्याचा जीव आहे. त्याचं उत्तर आलं, "डार्क साइड नाही मिळाली का बे? हे सेकंडचा माल आहे." डार्क साइड म्हणजे 'द डार्क साइड ऑफ द मून', फ्लॉइडची सगळ्यांत गाजलेली रेकॉर्ड.

बुधवार, ५ फेब्रुवारी

प्लेअर उघडला. मोटर चालू केली की थाळी फिरते, पण सुई धरणारी आर्म जागची हलत नाही. खालचं सगळं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं. जुन्या गॅरार्डमध्ये हे ठरलेलंच दुखणं. आपोआप उचलण्या-ठेवण्याचे दातेरी भाग त्यात रुतून बसतात. जोर लावू नका. मी लावला. एक छोटी स्प्रिंग उडाली ती सोफ्याखालून तिसऱ्या दिवशी मिळाली.

रॉकेल, जुना टूथब्रश आणि दोन रात्री. नंतर सायकलचं ग्रीस भरलं, तेही सढळ हातानं, आणि यंत्रणा पहिल्यापेक्षा जड झाली. पुन्हा सगळं पुसलं. आता सरकत्या भागांवर काडीच्या टोकाएवढं पातळ ग्रीस आणि थाळीच्या मधल्या दांड्याला शिलाई मशीनचं दोन थेंब तेल. इतकंच पुरतं.

रविवार, ९ फेब्रुवारी

धुण्याचा दिवस. नळाला पाणी आलं नव्हतं. आमच्याकडे उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेव्हा बोअरच्या पाण्यात धुतल्या. भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, वरून बोअरचंच पाणी, आणि पुसायला आपला सोलापुरी टॉवेल. गावात राहून दुसरं काय वापरणार?

वाळल्यावर रेकॉर्डींवर पांढुरके डाग दिसले. आमच्या बोअरच्या पाण्यानं कुकरच्या तळाला जो थर बसतो तोच खाचांमध्ये बसला होता. त्यावर टॉवेलचा पिसारा. टेरी टॉवेलची वीण पाणी ओढायला केलेली, मोकळे धागे सोडण्यातही ती तेवढीच तरबेज. भिंगातून बघितलं तर खाचांत कापूस पिंजल्यासारखा दिसत होता. बारा रेकॉर्डी अशा झाल्या. नशिबानं गोल कोपऱ्यांवाली त्यात नव्हती.

रविवार, १६ फेब्रुवारी

आजची चूक लिहायला जड जातेय, पण दुसऱ्या कुणाचं नुकसान टळावं म्हणून लिहितो. बॅटरीच्या दुकानातून पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर आणलं (११०), पाचशे मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल (२८०), रंगकामाचा मऊ ब्रश आणि मायक्रोफायबरची फडकी (मिळून १८०). चार भाग पाणी, एक भाग अल्कोहोल, साबणाचा एक थेंब. विनाइलच्या रेकॉर्डी अशा निघाल्या की त्यात तोंड दिसावं. त्या आनंदात हाताशी आलेली पुढची रेकॉर्डही तशीच घासली. ती लाखेची होती. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, सुतार पॉलिश त्याचंच करतात. फडकं काळं झालं तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एका नाट्यपदाची पहिली अर्धी बाजू गुळगुळीत झाली.

आई म्हणाली, "ते पद तुझ्या आजोबांना येत होतं." एवढंच म्हणून आत गेली.

तर, ७८ च्या रेकॉर्डींना अल्कोहोल लावू नका. साबणाचं पाणी, डिस्टिल्ड वॉटर, लगेच पुसणं, लेबल कोरडं. त्या पाच वाचलेल्या रेकॉर्डींच्या पिशव्यांवर आता लाल स्केचपेननं 'लाख' लिहून ठेवलंय.

विनाइलचा पक्का झालेला क्रम असा: पहिली धुलाई उजनीच्या पाण्यात, मग वरचं मिश्रण, मग फक्त डिस्टिल्ड वॉटर, आणि भांड्यांच्या रॅकमध्ये उभ्या ठेवून वाळवणं. पुसायचं ते टिपून, घासून नाही. एका रेकॉर्डला साधारण बारा मिनिटं. बोअरच्या डागांच्या बारांपैकी नऊ दुसऱ्या धुलाईत सुधारल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

थाळी फिरते पण सूर डुलतो. या मॉडेलमध्ये पट्टा नसतो. मोटरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या पुलीला आणि थाळीच्या आतल्या कडेला एक रबरी चाक चिकटून फिरतं. ते रबर कडक होऊन चकाकत होतं, एका जागी खळगाही होता. वर्षानुवर्षं प्लेअर स्पीडचा खटका लावूनच ठेवला की पुली रबरात रुतते, खळगा त्याचाच. बंद करताना खटका न्यूट्रलला आणायची सवय लावा.

शेजारच्या अण्णांचे टॉवेलचे सहा माग आहेत. त्यांचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, चाक हातात घेऊन नखानं दाबत म्हणाला, "रबर मेलंय, पण वरचंच. आत जीव आहे." त्यानंच लेथवाल्याकडे पाठवलं. लेथवाल्यानं चाक फिरतं ठेवून पॉलिश पेपरनं कड सारखी केली. दीडशे रुपये, दहा मिनिटं. पुली आणि थाळीची कड अल्कोहोलनं पुसली.

स्पीड तपासायला कागदाची चकती छापली. १८० काळ्या पट्ट्या. पन्नास हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो, त्या उजेडात ३३⅓ च्या स्पीडला पट्ट्या थांबल्यासारख्या दिसल्या पाहिजेत. अर्धा तास बघत बसलो, पट्ट्यांची नुसती राखाडी. आमच्या हॉलमध्ये एलईडी आहे, तो तसा लुकलुकत नाही. शेवटी प्लेअर उचलून जिन्यात नेला. तिथं जुन्या चोकची ट्यूबलाइट अजून आहे. जिन्यात उकिडवा बसलो आणि पट्ट्या जवळपास थांबल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनी ओलांडून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

रविवार, २ मार्च

मूळचं कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो भाग) कामातून गेलेलं, म्हणून नवं मॅग्नेटिक बसवलं (२,४००). त्याचा आवाज थेट अँप्लिफायरला दिला तर मच्छर बोलल्यासारखा येतो. तो आवाज आधी वाढवणारा फोनो प्रीअँप लागतोच (१,४५०). तो आल्यावर पहिल्यांदा 'ऑब्स्क्युअर्ड' लावली.

सुरुवातीलाच घरघर. जाड, खालच्या पट्टीतली, थांबायचं नाव नाही. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "गिरणी लावलीस का रे?" घरघर आपण नंतर बघू म्हटलं. दुसरी बाजू लावली तर पहिल्याच गाण्यात सुई उड्या मारायला लागली. रेकॉर्डची कड किंचित वाकलेली होती. मी काय केलं? लहानपणी कुणीतरी करताना पाहिलं होतं तसं सुईच्या डोक्यावर रुपयाचं नाणं ठेवलं. उड्या थांबल्या. खुशीत ती बाजू सलग सात-आठ वेळा ऐकली.

रविवार, ९ मार्च

रुपयाचं नाणं पावणेचार ग्रॅमच्या आसपास भरतं. हे मला आज कळलं, कारण सोनाराकडे असतो तसा खिशातला डिजिटल काटा आणला (३५०). सुईचा भार तीन ग्रॅमच्या आसपास हवा होता, मी साडेसहाच्या पुढे चालवत होतो. सुईचं टोक बसलं, नवी सुई ९००. 'चाइल्डहूड्स एंड'च्या सुरुवातीला आता टिक्-टिक् येते, ती माझी देणगी. काटा आधी घ्या, कार्ट्रिज नंतर.

रविवार, १६ मार्च

घरघरीच्या मागे लागलो. पहिला संशय अर्थिंगवर. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो म्हणून त्यात मीठ घालून दोन बादल्या पाणी ओतलं. पाण्याच्या आदल्या दिवशी दोन बादल्या! घरात जे ऐकून घ्यावं लागलं ते इथं लिहीत नाही. फरक शून्य. दोष खोक्यातच होता, आर्मकडून येणारी अर्थची तार टाक्यापाशी तुटलेली. नवी तार डकवून प्रीअँपच्या स्क्रूला जोडली. एक बारीक, सपाट गुणगुण होती ती गेली. मागची जाड घरघर तशीच.

मोटर ज्या रबरी बुशांवर टांगलेली असते तीही दगड झाली होती. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून बसवले. आवाज थोडा उतरला.

रविवार, २३ मार्च

आता संशय अण्णांच्या मागांवर. भिंतीला हात लावला की धडधड कळते, टेबलावरच्या पेल्यातलं पाणी थरथरतं. ती सुईतून स्पीकरमध्ये जाणारच. घरात शहाबादी फरशीचे दोन तुकडे पडून होते. एक टेबलावर ठेवला, खाली फुगवलेली छोटी सायकल ट्यूब, वर प्लेअर. ट्यूब जास्त फुगवू नका, प्लेअर होडीसारखा डुलतो. अर्धी हवा पुरे. बाकीच्या रेकॉर्डी आता शांत वाजतात. फक्त याच रेकॉर्डच्या सुरुवातीला घरघर आहे, पण तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही.

रविवार, ३० मार्च, गुढीपाडवा

अण्णांचे माग बंद. गल्लीत इतकी शांतता वर्षातून मोजक्या वेळा असते. गुढी उभारून झाल्यावर रेकॉर्ड लावली. घरघर हजर. मोटर बंद करून थाळी बोटानं फिरवली, तरी हजर, फक्त बोटाच्या चालीनं खाली-वर होणारी. मग मोबाइलवर तेच गाणं लावलं.

तिथंही तीच घरघर.

ती रेकॉर्डमध्येच आहे. व्हीसीएस ३ नावाच्या सिंथेसायझरवर लावलेला तो सूर आहे, त्याच्यावर नंतर ढोल आणि गिटार येतात. दोन रविवार, दोन बादल्या पाणी आणि दोन सायकल ट्यूब खर्ची घालून मी पिंक फ्लॉइडला दुरुस्त करत होतो.

पण या शोधात ही रेकॉर्ड मी किमान चाळीस वेळा ऐकली, आणि आता मित्राच्या 'सेकंडचा माल'ला उत्तर द्यायला बसलोय. बाकी रेकॉर्डींचं काम आज बाजूला.

त्याचं म्हणणं जुनंच आहे. हे एका सिनेमाचं काम, मधल्या वेळात उरकलेलं. त्यातली माहिती बरोबर आहे. १९७२ च्या जानेवारीपासून हे चौघे पुढं 'डार्क साइड' झालेली रचना मंचावर वाजवत होते. ते सोडून पॅरिसजवळच्या शातो देरूविल या जुन्या वाड्यातल्या स्टुडिओत गेले आणि बार्बे श्रोडरच्या 'ला व्हाले' या सिनेमासाठी दोन खेपांत, जेमतेम दोन आठवड्यांत हे सगळं ध्वनिमुद्रित केलं. न्यू गिनीत नकाशावर ढगांनी झाकलेल्या एका दरीच्या शोधाची ती गोष्ट. रेकॉर्ड जूनमध्ये आली, इंग्लंडात सहाव्या क्रमांकापर्यंत गेली, अमेरिकेत ४६ वर अडली. पुढच्या मार्चमध्ये 'डार्क साइड' आली आणि हिच्याकडे बघायला कुणाला सवड राहिली नाही.

माझं म्हणणं, घाईनंच हिचं भलं केलं. याआधीच्या दोन रेकॉर्डींवर त्यांनी एकेक बाजू एकाच रचनेला दिली होती, तेवीस-तेवीस मिनिटं. इथं दृश्याच्या मापात बसवायचं होतं. दहा गाण्यांतलं एकही सहा मिनिटांच्या पुढं जात नाही. पसरायला जागा नाही म्हटल्यावर बँडचा गिटारवादक गिल्मोर याची गिटार आली, बोलली आणि गेली. 'बर्निंग ब्रिजेस'ची चाल 'मडमेन'मध्ये शब्दांशिवाय परत येते, तर तिथं तीच चाल उघड्यावर आल्यासारखी मोकळी वाटते. 'व्हॉट्स... अ द डील' हे त्यांच्या सगळ्यांत साध्या, हळव्या गाण्यांपैकी एक. गिल्मोरनं २००६ च्या दौऱ्यात ते पुन्हा बाहेर काढलं, म्हणजे त्यालाही ते उरकलेलं काम वाटत नसावं. 'चाइल्डहूड्स एंड'च्या सुरुवातीचा तो घड्याळी ठेका ऐकला की पुढच्या वर्षीच्या 'डार्क साइड'मधलं 'टाइम' दाराशी उभं दिसतं. हे शब्दही गिल्मोरचे एकट्याचे. त्यानंतर फ्लॉइडच्या रेकॉर्डवर त्याचे शब्द थेट १९८७ ला आले.

सगळंच थोर आहे असं नाही. 'द गोल्ड इट्स इन द...' मला आजही कुठल्याही बँडचं वाटतं.

आणि 'फ्री फोर'. टाळ्यांचा ठेका, नाचरी चाल, आकडे मोजून सुरुवात. आई श्रीखंडाची वाटी घेऊन बसली होती, पायानं ठेका धरला. म्हणाली, "हे बरंय. काय म्हणतोय?" मी सांगितलं, म्हातारपण, मरण आणि लढाईत गेलेला बाप. हे गाणं लिहिणारा बँडमधला रॉजर वॉटर्स पाच महिन्यांचा असताना त्याचे वडील १९४४ मध्ये इटलीत अँझिओच्या लढाईत मारले गेले, तेच यात आहे. आई थांबली. "आणि एवढ्या उड्या मारत सांगतोय?" मग स्वतःच म्हणाली, "आपल्या भारुडात तरी काय असतं."

फ्लॉइडबद्दल मी बरंच वाचलंय, पण या गाण्याचं हे वर्म मला कुणी सांगितलं नव्हतं. बापाचं हे दुःख वॉटर्सनं पुढं 'द वॉल' या रेकॉर्डसारख्या फार मोठ्या भिंती बांधून सांगितलं. इथं तो डफावर थाप मारल्यासारखं सांगून मोकळा होतो, आणि मला हेच जास्त लागतं.

रविवार, १३ एप्रिल

वाकलेल्या रेकॉर्डींचं काम. दोन जाड काचा आणल्या (४००), मध्ये रेकॉर्ड ठेवून गच्चीवर उन्हात. पद्धत ऐकीव होती, पण ती सांगणारा सोलापूरचा नसावा. एप्रिलच्या दुपारी इथं ऊन चाळिशीच्या पार, त्यात काचेखाली. नाताळच्या गाण्यांची एक रेकॉर्ड प्रयोगाला घेतली होती. पाऊण तासानं काढली तर सपाट झाली होती खरी, पण खाचाही बसल्या. गाणं पाण्याखालून आल्यासारखं येतं. दुसरी सकाळी आठला वीस मिनिटं ठेवली आणि काचांसकट सावलीत रात्रभर निवू दिली. ती बरी झाली.

'ऑब्स्क्युअर्ड'ला उन्हात न्यायची माझी हिंमत नाही. स्वच्छ पिशवीत घालून शहाबादीच्या उरलेल्या तुकड्याखाली, पलंगाखालच्या गार फरशीवर ठेवली. वर ज्वारीचा डबा.

रविवार, ४ मे

तीन आठवड्यांनी काढली. वाक निम्म्यानं कमी. तीन ग्रॅमवर, नाण्याशिवाय, सुई कुठंही उडत नाही.

मित्र आला. येताना कडक भाकरी आणि शेंगा चटणी घेऊन आला, म्हणजे भांडायच्या तयारीनं आला होता. पहिलं गाणं सुरू होताच म्हणाला, "अर्थिंग बघ बे, घरघर येतीय." मी काही बोललो नाही. पहिली बाजू संपली, तो मोबाइल काढेल म्हणून बघत होतो, त्यानं उठून रेकॉर्ड उलटली. टिक्-टिक् आली तेव्हा माझ्याकडे बघितलं. नाण्याची हकिगत सांगितली. शेवटच्या गाण्याअखेर न्यू गिनीच्या मापुगा लोकांचं समूहगान येतं. ते संपल्यावर म्हणाला, "डार्क साइडच्या खालीच आहे." म्हटलं, असू दे. मग म्हणाला, "महिनाभर दे की." नाही दिली.

आजवरचा खर्च: रेकॉर्डी २,२००, प्लेअर ३,०००, डिस्टिल्ड वॉटरचे दोन कॅन २२०, अल्कोहोल २८०, ब्रश-फडकी १८०, लेथ १५०, कार्ट्रिज २,४००, नाण्यामुळं नवी सुई ९००, प्रीअँप १,४५०, काटा ३५०, काचा ४००, तार-तेल-ग्रीस-ट्यूब १८०. एकूण ११,७१०. सुईचे ९०० निव्वळ माझ्या मूर्खपणाचे. काचांचे ४०० वाया गेले म्हणवत नाही, त्या आता आईनं पापड वाळवायला नेल्यात.

अजून अकरा रेकॉर्डी धुवायच्या आहेत, त्यात लाखेच्या पाच. नळाला पाणी गुरुवारी.